परवाना परीक्षा आणि वैद्यकाच्या मूळ पाठांची उजळणी

परदेशातील वैद्यकीय विद्यापीठाची पदवी घेऊन गावी परतलेल्या तरुणाचे वा तरुणीचे स्वागत आपल्याकडे मोठ्या कौतुकाने होते. वेशीवर फलक लागतो, शाळेत सत्कार होतो आणि ग्रामपंचायतीच्या सभेत 'आता आपल्या गावाला हक्काचा डॉक्टर मिळाला' असे कुणीतरी बोलून जाते. हे बोलणे त्या वेळी पूर्णपणे खरे नसते. पदवी हाती आली तरी भारतात रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार त्या पदवीने आपोआप मिळत नाही. त्यासाठी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि ती परीक्षा पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसते. जमिनीचा तुकडा विकून वा बँकेचे कर्ज काढून ज्यांनी मुलाला परदेशी धाडले, त्या आईवडिलांना मुलगा अजून दवाखाना का उघडीत नाही, याचे उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना देता देत नाही.

या परीक्षेचे स्वरूप काय, ती कशाची कसोटी पाहते आणि तिच्यासाठी वैद्यकाच्या मूलभूत ज्ञानाची उजळणी कोणत्या रीतीने करावी, याविषयी ग्रामीण भागात बरेच गैरसमज आढळतात. विद्यार्थ्यांना सल्ला देणारे शिक्षक, त्यांच्याकडे अपेक्षेने पाहणारे पंचायत सदस्य आणि त्यांच्या कागदपत्रांशी संबंध येणारे अधिकारी या सर्वांना या विषयाची माहिती असणे उपयुक्त ठरावे.

परीक्षेचे स्वरूप

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी चाळणी परीक्षेची तरतूद २००२ च्या विनियमांनी करण्यात आली, आणि त्याच वर्षापासून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ही परीक्षा घेत आले आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एफएमजीई' असे म्हणतात. वर्षातून दोन वेळा ती संगणकावर घेण्यात येते. एकूण ३०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येक बरोबर उत्तरास एक गुण. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. १५० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण ठरतो. येथे गुणानुक्रम नाही, जागांची संख्या ठरलेली नाही आणि कुणाला मागे टाकण्याचा प्रश्नही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमात देशातील व परदेशातील सर्वच वैद्यकीय पदवीधरांसाठी एका सामाईक अंतिम परीक्षेची तरतूद आहे. ती अंमलात येईपर्यंत हीच चाळणी परीक्षा चालू राहावयाची आहे.

वरवर पाहता ही अट फार कडक वाटत नाही. थोडे गणित करून पाहिले तर ते अधिक स्पष्ट होते. ज्या उमेदवाराला ३०० पैकी केवळ १०० प्रश्नांची उत्तरे निश्चित ठाऊक आहेत, त्याने उरलेल्या २०० प्रश्नांना डोळे मिटून पर्याय निवडले तरी चारात एक या हिशेबाने सुमारे ५० उत्तरे बरोबर येतात. म्हणजे एकतृतीयांश भागाचे पक्के ज्ञान असलेला उमेदवार उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो. असे असूनही जून २०२४ च्या सत्रात परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांशच उत्तीर्ण झाले. पाचसहा वर्षे वैद्यकाचा अभ्यास केलेल्या तरुणांचे असे का व्हावे?

याचे उत्तर प्रश्नपत्रिकेच्या रचनेत शोधावे लागते. ३०० पैकी १०० प्रश्न रुग्णालयात प्रत्यक्ष प्रवेश करण्यापूर्वी शिकावयाच्या विषयांवर असतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांना प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र यांना प्रत्येकी १३, न्यायवैद्यकाला १०. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे आणखी ३० प्रश्न असतात. हे १३० प्रश्न असे आहेत की त्यांच्यासाठी खाटेजवळचा प्रदीर्घ अनुभव लागत नाही. पाया मात्र पक्का लागतो. शिवाय उरलेल्या १७० प्रश्नांपैकी, म्हणजे वैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा या विषयांतील पुष्कळ प्रश्नांचे मूळही याच पायात रुजलेले असते.

नेमका हाच पाया परक्या देशातील पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. ही दोन वर्षे नवे हवामान, नवे अन्न आणि अपरिचित भाषा यांच्याशी जुळवून घेण्यात जातात. पाठ इंग्रजीतून, रुग्ण बोलतो रशियन वा जॉर्जियन, आणि मनातला विचार मराठीत, अशा तिहेरी ओढाताणीत बरेचसे ज्ञान परीक्षेपुरते पाठ होते आणि परीक्षेबरोबरच विरते. विद्यार्थ्याच्या बुद्धीला यात दोष देता येत नाही. तो परत येतो तेव्हा त्याच्याजवळ सुट्या सुट्या माहितीचा ढीग असतो. तिला जोडणारा धागा नसतो. मग तो घाईने जाडजूड प्रश्नसंग्रह विकत घेतो आणि पुन्हा तीच माहिती तशीच सुटी सुटी पाठ करू लागतो. अपयशाचे हे कारण सर्वांत मोठे आहे, आणि सर्वांत कमी बोलले जाणारेही आहे.

कारणासह लक्षात ठेवलेले तथ्य

धागा म्हणजे काय, हे जलसंजीवनीच्या उदाहरणावरून चांगले समजते. अतिसार झालेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी पाजावे, हे आज अंगणवाडी सेविकाही सांगते. परीक्षेत मात्र प्रश्न येतो तो असा की, पटकीच्या रुग्णाच्या आतड्यातून पाणी धो धो वाहून जात असताना तोंडाने पाजलेले पाणी शरीरात शिरते तरी कसे? पटकीच्या जंतूंचे विष आतड्याच्या पेशींतील एक रासायनिक संकेत सतत चालू ठेवते. त्यामुळे क्लोराइड व त्यामागोमाग सोडियम आणि पाणी आतड्याच्या पोकळीत झिरपत राहते. पण त्याच पेशींमध्ये ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत नेणारी एक वेगळी वाट असते, आणि तिला हे विष धक्का लावीत नाही. ग्लुकोज आत गेले की सोडियम जाते आणि सोडियमच्या मागे पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही आणि नुसते मीठही पुरत नाही; दोन्हींबरोबर साखर लागते. साखर प्रमाणाबाहेर झाली तर ती आतड्यात राहून उलट पाणी ओढून घेते. याच तत्त्वाच्या आधारे १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा तुटवडा असताना जलसंजीवनीचा व्यापक वापर केला आणि असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले.

आता या एका धाग्याला किती तथ्ये बांधली गेली ते पाहावे. जीवरसायनशास्त्रातील संकेतद्रव्य, शरीरक्रियाशास्त्रातील शोषण, सूक्ष्मजीवशास्त्रातील पटकीचा जंतू, बालरोगातील निर्जलन आणि सामाजिक वैद्यकातील जलसंजीवनीचे प्रमाण. एक लिटर पाण्याच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. हे आकडे नुसते पाठ केले तर आठवड्यात विसरतात. ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल, कारण ते जोडीने आत जावयाचे आहेत, हे एकदा उमगले की आकडे सहसा हलत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या शेताबांधावरचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी सर्प. त्यांपैकी नाग व मण्यार यांच्या दंशाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. दोहोंचे बाह्य लक्षण एकच. परंतु विषाची जागा निराळी. मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटते, ते समोरच्या स्नायूवरील ग्राहकाला जाऊन चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाचे विष स्नायूवरील ग्राहक अडवून धरते. मण्यारीचे विष प्रामुख्याने त्याच्याही आधी, मज्जातंतूच्या टोकावरच आघात करते, त्यामुळे रसायन सुटतच नाही. निओस्टिग्मिन हे औषध सुटलेल्या रसायनाचे विघटन रोखून त्याचे प्रमाण वाढविते. साहजिकच नागदंशात त्याचा उपयोग दिसतो. मण्यारीच्या दंशात जे मुळी सुटलेलेच नाही ते वाढणार कोठून? ज्याने ही आकृती एकदा स्वतःच्या हाताने काढली आहे, त्याला हा प्रश्न अवघड जात नाही. आणि ज्याने ती काढलेली नाही, त्याला परीक्षेत नव्हे तर पावसाळ्यातील एखाद्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात अडचण येते. प्रतिविष दोन्ही प्रकारांत द्यावयाचेच असते, हे वेगळे सांगावयास नको.

घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते. येथे एक विरोधाभास आहे आणि परीक्षकांना तो फार प्रिय दिसतो. ही विषे रक्त गोठविणाऱ्या घटकांना उत्तेजन देतात. तरीही रुग्णाला रक्तस्राव होतो. कारण उत्तेजित झालेले घटक अल्पावधीत खर्ची पडतात आणि मग रक्त गोठविण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणूनच दंश झालेल्या रुग्णाचे सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि नळी तिरपी करून पाहावयाचे. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे असे समजावयाचे. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही; नळी मात्र काचेची हवी, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकच्या नळीतील निष्कर्ष भरवशाचा नसतो.

मूलभूत ज्ञान गावपातळीवर किती मोलाचे ठरते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कोकणात विंचूदंशाने मुले दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रापासून या रुग्णांची बारकाईने नोंद ठेवण्यास आरंभ केला. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरातील उत्तेजक संप्रेरकांचा उद्रेक होतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या ग्राहकांना रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध आधीपासून उपलब्ध होते. त्याचा विंचूदंशात उपयोग करून त्यांनी आपले निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. पाठ्यपुस्तकातील ग्राहकांचे कोष्टक विद्यार्थी कंटाळून पाठ करतात. त्याच कोष्टकातील एका ओळीने रायगड जिल्ह्यात मुले वाचविली.

सिकलसेल रक्तदोषाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. विदर्भातील व नंदुरबारकडील शिक्षकांना हा आजार परिचित आहे. रक्तातील एका प्रथिन साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ दोष. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'पहिली तीन मुले निरोगी, म्हणजे चौथे आजारी' किंवा 'एक आजारी झाले, आता पुढची तीन निर्धास्त' असे दोन्ही समज चुकीचे आहेत. परीक्षेत हा प्रश्न एका गुणाचा आहे. घरात तो समुपदेशनाचा विषय होतो.

जुन्या वह्यांचा धोका

उजळणीसाठी ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या वह्या हातोहात फिरतात. त्या प्रेमाने दिलेल्या असतात. पण वैद्यक थांबून राहत नाही. जलसंजीवनीत पूर्वी सोडियम ९० मिलिमोल असे. २००२ मध्ये ते ७५ करण्यात आले. क्षयरोगाची औषधे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन वेळा दिली जात. आता ती रोज दिली जातात, पहिले दोन महिने चार आणि पुढील चार महिने तीन. तोंडाने द्यावयाची पोलिओची तीन प्रकारच्या विषाणूंची लस एप्रिल २०१६ मध्ये मागे घेऊन दोन प्रकारांची लस देण्यात येऊ लागली. जुन्या वहीवर विसंबणारा उमेदवार अशा प्रश्नांची उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने चुकवितो.

सामाजिक वैद्यकाच्या ३० प्रश्नांत परदेशी शिकलेल्यांची विशेष पंचाईत होते, कारण भारतातील लसीकरणाचे वेळापत्रक वा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम तेथील अभ्यासक्रमात असण्याचे कारणच नाही. जन्मतः बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब. ६, १०, १४ आठवड्यांना पंचगुणी लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, हे गावातील आशा स्वयंसेविकेच्या जिभेवर असते आणि परतलेला डॉक्टर तेथेच अडखळतो. अशा उमेदवारांनी लसीकरणाच्या दिवशी आपल्याच उपकेंद्रात जाऊन बसण्यात काही कमीपणा नाही. श्वानदंशाची जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, रेबीजची त्वचेत द्यावयाची लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देणे, ही माहिती पुस्तकातून एकदा वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष नोंदवहीत पाहिली तर कायमची बसते.

उजळणीची रीत

मनुष्य किती वेगाने विसरतो, याचे मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते, नंतर त्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; पण पुस्तक मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी आठवड्यानंतर त्यांच्या पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचल्याने सारे येते असा भास होतो, आणि तो भास परीक्षागृहापर्यंत टिकत नाही. आपल्याकडील पाढ्यांच्या व पाठांतराच्या परंपरेत मागील पाठ रोज म्हणून दाखविण्याची जी शिस्त होती, तिच्यात या दोन्ही निष्कर्षांचा अंश आहे. पाठांतराला नावे ठेवताना ती शिस्तही आपण टाकून दिली, असे वाटते.

याचा व्यवहारातील अर्थ असा. आज वाचलेला भाग उद्या पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर लिहून काढावा, मग आठवड्याने आणि मग महिन्याने. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी आणि त्यात केवळ बरोबर उत्तर न लिहिता आपण का चुकलो हे एका ओळीत लिहावे. प्रश्नसंग्रह अवश्य सोडवावा, परंतु कारण समजून घेतल्यानंतर. आणि परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडू नये. गुण कापले जात नसताना कोरे सोडणे म्हणजे हातचे टाकणे होय. दोघा-तिघांनी मिळून एकमेकांना मराठीतून समजावून सांगण्याचाही चांगला उपयोग होतो. जे मातृभाषेत सांगता येत नाही ते बहुधा समजलेलेच नसते.

उत्तीर्ण होईपर्यंतचा काळ घरात कठीण असतो. या काळातच एखाद्या खासगी दवाखान्यात 'मदतीला' बसण्याचा मोह होतो, आणि गावातील मंडळीही आग्रह करतात. नोंदणीविना वैद्यक व्यवसाय करणे हा २०१९ च्या अधिनियमान्वये गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एका उतावळेपणापायी पुढचे सारे आयुष्य अडचणीत येते. पंचायतीने अशा तरुणांना आरोग्यविषयक सभांत, शाळेतील व्याख्यानांत सहभागी करून घेण्यास हरकत नाही. औषधाची चिठ्ठी लिहावयास मात्र सांगू नये.

मुलांना परदेशी पाठविण्याच्या विचारात असलेल्या पालकांनी आधीच काही गोष्टी पाहून घ्याव्यात. २०१८ पासून परदेशात वैद्यकीय प्रवेश घेणाऱ्यांनाही 'नीट' उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. नोव्हेंबर २०२१ च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते, आणि त्या देशात व्यवसाय करण्यास तेथील पदवीधर पात्र ठरत असला पाहिजे. प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ वसतिगृहातील जेवणाची माहिती तपशीलवार देतात. या अटींविषयी त्यांना लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

चाळणी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उमेदवारास राज्य वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करून भारतातील मान्यताप्राप्त रुग्णालयात १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. ती समाधानकारकपणे पूर्ण झाल्यानंतर कायम नोंदणी होते व नोंदणी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात ही नोंदणी मुंबई येथील महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते, आणि आपल्या गावात व्यवसाय करणाऱ्या ॲलोपॅथीच्या कोणत्याही डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे.